लिहिलेला कोड लोकांपर्यंत पोहोचतो कसा?



पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "शाळेत कोडिंग कधीपासून शिकवणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची मोठी संकुले उभी आहेत. आपले कितीतरी माजी विद्यार्थी इथे, पुण्याला, बेंगळुरूला आणि परदेशातही सॉफ्टवेअरच्या कामात आहेत. आपल्याही मुलांनी या वाटेने जावे असे कोणाला वाटणार नाही?

पण कोडिंग म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येते ते बहुधा सिनेमातले असते. एक हुशार मुलगा, कानाला हेडफोन, रात्रभर बोटे चालतात आणि सकाळी ॲप तयार! खऱ्या कंपनीत असे होत नाही. कोड लिहिणे हा तिथल्या कामाचा एक भाग झाला. लिहिलेला कोड लोकांच्या हातात सुखरूप पोहोचवणे हे त्याहून मोठे काम असते, आणि ते एकट्याने होत नाही. काय करायचे ते ठरवण्यापासून लोक ते वापरू लागेपर्यंत वाटेत अनेक दारे असतात, आणि प्रत्येक दाराशी कोणीतरी विचारतो, "हे बरोबर आहे कशावरून?" ही दारे कोणती आणि त्यांतले एखादे उघडेच राहिले तर काय होते, हे या पाठात पाहू.

आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी शब्दांच्या गर्दीत मूळ गोष्ट कशी हरवते याची आम्हाला पुरती कल्पना आहे. म्हणून या धंद्यातला प्रत्येक शब्द आला की त्याचा अर्थ तिथेच सांगू.

एक लहानसे उदाहरण घेऊ

समजा, मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे एक ॲप आहे. घाईत पाच हजारांऐवजी पन्नास हजार टाइप होतात, शून्य एकच जास्त पडते आणि पैसे जातात. अशा तक्रारी आल्यावर कंपनीने ठरवले की आकड्यांच्या खाली रक्कम अक्षरांतही दिसावी. चेकवर आपण लिहितो तशी, "पाच हजार रुपये". मराठी वापरणाऱ्याला मराठीत, हिंदी वापरणाऱ्याला हिंदीत.

काम अगदी किरकोळ दिसते ना? आता ते कोणकोणत्या दारांतून जाते ते पाहू.

पहिले दार : काम नेमके ठरवणे

सर्वांत आधी कामाची एक चिठ्ठी तयार होते. कंपनीत तिला तिकीट म्हणतात. "रक्कम अक्षरांत दाखवा" एवढेच त्यावर लिहून भागत नाही. प्रश्न विचारावे लागतात. पैसे असतील तर काय लिहायचे? लाख आणि कोटी म्हणायचे की मिलियन? रक्कम शून्य असेल तर? अक्षरे किती मोठी? चष्मा नसलेल्या आजोबांना ती वाचता येतील का? काम "झाले" असे केव्हा म्हणायचे, तेही आधीच लिहून ठेवतात. गणितात "काय दिले आहे" आणि "काय काढायचे आहे" हे आधी लिहायला आम्ही सांगतो, तेच हे.

योजना म्हणजे केवळ तारखा नव्हेत. काय करायचे नाही हेही त्यात येते. लिनक्सचे उदाहरण पाहा. लिनक्स हा संगणकाच्या मुळाशी काम करणारा प्रोग्राम. फिनलंडमध्ये जन्मलेले लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये सुरू केला. आज जगभरातले हजारो लोक मिळून तो लिहितात, आणि अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यातही तोच आहे. त्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यांतले पहिले दोन आठवडेच नवीन गोष्टी स्वीकारल्या जातात. मग दार बंद! उरलेले सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या चालतात. कल्पना कितीही छान असो, ती पुढच्या खेपेला. हा नियम सर्वांना आधीच माहीत असतो, म्हणून कोणी रुसत नाही.

दुसरे दार : कोड लिहिणे आणि त्याची वही ठेवणे

आता प्रोग्रामर कोड लिहायला बसतो. लोकांच्या फोनमध्ये जो कोड चालू आहे त्याला तो हात लावत नाही. त्याची एक प्रत घेतो आणि तीत बदल करतो. या वेगळ्या प्रतीला शाखा म्हणतात. शाखेवर काही बिघडले तरी मूळ झाड सुरक्षित राहते.

या सर्व बदलांची नोंद ठेवणारे साधन म्हणजे गिट. तेही टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केले, आणि आज जवळपास सगळे सॉफ्टवेअर जग ते वापरते. कोणती ओळ कोणी बदलली, केव्हा आणि कशासाठी, हे सर्व गिटमध्ये राहते. दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखीच ही वही. फरक एवढाच की हिच्यातले कोणतेही पान उघडून त्या दिवशीचा कोड जसाच्या तसा परत उभा करता येतो.

तिसरे दार : दुसऱ्याची नजर

लिहिलेला कोड स्वतःच पुढे पाठवायचा नाही. सहकाऱ्याने तो वाचायचा, शंका विचारायच्या आणि मगच संमती द्यायची. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. लिनक्समध्ये प्रत्येक बदलाखाली लिहिणाऱ्याचे नाव असते आणि तो ज्यांच्या हातून पुढे गेला त्यांचीही नावे असतात. म्हणजे पुढे पाठवणाराही जबाबदार.

आपल्या उदाहरणात हे दार किती उपयोगी पडते ते पाहा. समजा प्रोग्रामरला मराठी फारशी येत नाही. त्याने पाहिले की एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ असे शब्द आहेत. त्याने नियम बसवला : पुढच्या दशकाच्या आधी "एकोण" लावा. एकोणसत्तर बरोबर, एकोणऐंशी बरोबर, एकोणनव्वदही बरोबर. आणि नव्याण्णवला? त्याच्या नियमाने "एकोणशंभर"! मराठी जाणणारा सहकारी ते वाचताक्षणी हसेल आणि थांबवेल. तो आणखी एक गोष्ट दाखवेल. १०० म्हणजे "शंभर", पण १०१ म्हणजे "एकशे एक". "शंभर एक" नव्हे. हिंदीत तर उनहत्तर, उन्यासी असा क्रम चालू असताना ८९ ला मध्येच "नवासी" येते. नियम एकाएकी मोडतो.

बघा, इथे कामाला आली ती मातृभाषा आणि लहानपणी घोकलेले अंक. ज्याने लिहिले त्याला आपली चूक दिसत नाही, कारण डोक्यात जे असते तेच डोळे वाचतात. ही वार्तापत्रिका छापण्याआधी तिचे प्रूफ दुसऱ्याने का वाचायचे, तर याच कारणाने.

चौथे दार : यंत्राकडून परीक्षा

माणूस थकतो, यंत्र थकत नाही. म्हणून तपासणीचे जे काम यंत्राला देता येते ते यंत्राला देतात. कोडसोबतच लहान-लहान परीक्षाही लिहिल्या जातात. "९९ दिले तर नव्याण्णव आले पाहिजे. १०० ला शंभर. १०१ ला एकशे एक. १,००,००० ला एक लाख. शून्याला शून्य." प्रोग्रामरने बदल जमा केला की एक संगणक आपोआप सर्व कोड एकत्र जुळवतो आणि नव्या-जुन्या सगळ्या परीक्षा घेतो. एक जरी नापास झाली तरी बदल पुढे जात नाही.

जुन्या परीक्षा पुन्हा कशासाठी? कारण नवीन काम करताना जुने बिघडण्याचा धोका नेहमीच असतो. नळ दुरुस्त करताना भिंतीतली वायर कापली जावी, तसे हे. दिवसातून अनेकदा सगळ्यांचे काम एकत्र जुळवून तपासण्याच्या या रीतीला "कंटिन्युअस इंटिग्रेशन", म्हणजे निरंतर जुळवणी म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळा अभ्यास काढण्यापेक्षा रोज थोडा करणे बरे. ही गोष्ट या मंडळींनाही उमगली आहे!

पाचवे दार : रंगीत तालीम

स्नेहसंमेलनातले नाटक आपण थेट प्रेक्षकांपुढे करत नाही. आधी रंगीत तालीम होते. तोच रंगमंच, तेच कपडे, तेच दिवे. फक्त प्रेक्षक नसतात. सॉफ्टवेअरच्या रंगीत तालमीला स्टेजिंग म्हणतात. खऱ्यासारखेच सर्व्हर असतात, खऱ्यासारखीच रचना असते, पण पैसे खोटे. इथे तपासनीस मुद्दाम वाकडेतिकडे वागून पाहतात. रक्कम टाइप करता-करता फोन आला तर? नेटवर्क गेले तर? जुन्या, लहान पडद्याच्या फोनवर "नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव रुपये" एका ओळीत मावेल का?

सहावे दार : प्रॉडक्शन

खरे लोक खऱ्या कामासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला म्हणायचे प्रॉडक्शन, आणि नवीन कोड तिथे नेऊन बसवण्याला डिप्लॉय करणे. शहाणी कंपनी बदल एकदम सगळ्यांना देत नाही. आधी आपल्याच कर्मचाऱ्यांना, मग शंभरातल्या एखाद्या ग्राहकाला, मग दहांना, आणि सर्व ठीक दिसले तर सर्वांना. पहिल्या थोड्या ग्राहकांच्या या गटाला कॅनरी म्हणतात. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत मजूर कॅनरी पक्षी बरोबर नेत. विषारी वायूचा त्रास पक्ष्याला आधी होई आणि माणसे वेळेत बाहेर पडत. त्यावरून हे नाव पडले.

हे दार नसले तर काय होते ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक अपडेट पाठवले. ते थोड्यांपासून सुरू न करता सगळीकडे एकदम गेले. त्यात दोष होता. तो लक्षात येऊन अपडेट मागे घेतले गेले ७८ मिनिटांत. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते, आणि त्यांतले बहुतेक एकेकाजवळ जाऊन हातानेच दुरुस्त करावे लागले. जगभर हजारो विमाने रद्द झाली. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यानंतर त्या कंपनीने अशी अपडेटसुद्धा टप्प्याटप्प्याने पाठवण्याची व्यवस्था केली.

सातवे दार : नजर आणि परतीची वाट

बदल लोकांपर्यंत पोहोचला म्हणून काम संपले नाही. पुढचे काही तास पडद्यावर नजर ठेवतात. ॲप बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या का? पैसे जायला उशीर होतो आहे का? धोक्याची सूचना कोणाला जाईल आणि ती आल्यावर त्याने काय करायचे, हे आधीच ठरलेले असते. आणि गडबड दिसली तर आधीच्या आवृत्तीवर परत यायचे, याला रोलबॅक म्हणतात. परतीची ही वाट आधी चालून पाहिलेली असावी लागते. संकटाच्या वेळी पहिल्यांदा चालायला घेतली तर ती कुठे नेईल सांगता येत नाही.

पंचेचाळीस मिनिटांची गोष्ट

आता एक खरी घटना सविस्तर सांगतो. ती वाचताना कोणकोणती दारे उघडी राहिली ते मनात मोजत जा.

न्यूयॉर्क शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ पासून किरकोळ ग्राहकांच्या सौद्यांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी अमेरिकन कंपनी. तिने त्या योजनेसाठी नवीन कोड लिहिला. हा कोड आठ सर्व्हरवर बसवायचा होता. बसवणाऱ्याने तो सात सर्व्हरवर घातला, आठव्यावर घालायचा राहिला. दुसऱ्या कोणी तपासायचे असा लेखी नियमच नव्हता, म्हणून कोणाला कळले नाही.

आठव्या सर्व्हरवर एक जुना कोड पडून होता. २००३ पासून कंपनीने तो वापरणे बंद केले होते, पण काढून टाकला नव्हता. "मागवलेले शेअर मिळाले, आता थांब" हे मोजणारा त्याचा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला, आणि त्यानंतर तो जुना कोड नीट चालतो का हे कोणी तपासले नाही. भरीला आणखी एक गोष्ट. जुना कोड ज्या खुणेने जागा होत असे तीच खूण आता नव्या कोडसाठी वापरली होती. सात सर्व्हरवर त्या खुणेने नवा कोड जागा होणार, आठव्यावर जुना.

त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांत या दोषाचा उल्लेख होता. पण ते धोक्याची सूचना म्हणून पाठवले जात नसत, त्यामुळे त्यांवर कोणी काही केले नाही.

साडेनऊला बाजार उघडला. आठव्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला आणि सौद्यांमागून सौदे करत सुटला. थांबायचे केव्हा हे त्याला कळतच नव्हते. गडबड लक्षात आल्यावर घाईघाईत उपाय म्हणून कर्मचाऱ्यांनी बाकीच्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला. परिणाम उलटा झाला. आता तिथेही जुना कोड जागा झाला. दोष होता एका ठिकाणी, तो आठही ठिकाणी पसरला.

अशी ४५ मिनिटे गेली. ग्राहकांच्या २१२ लहान मागण्यांपायी १५४ कंपन्यांच्या शेअरचे ४० लाखांहून अधिक सौदे झाले, आणि ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअरची उलाढाल झाली. कंपनीचे नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या वर गेले. बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या पैशावर ती कशीबशी तगली आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आपल्याकडे सेबी आहे तशा अमेरिकेतल्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०१३ मध्ये तिला १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला.

कोणी म्हणेल, "एका माणसाने एक सर्व्हर विसरला, त्याची चूक." तसे म्हणून आपण मोकळे होऊ, पण शिकणार काही नाही. विसरणे हा माणसाचा स्वभावच आहे. जुना कोड काढून टाकला असता, तर विसरूनही काही बिघडले नसते. जुनी खूण पुन्हा वापरली नसती तरी वाचले असते. दुसऱ्याने आठही सर्व्हर पाहिले असते तर आदल्याच दिवशी कळले असते. त्या ९७ ई-मेलांना धोक्याची घंटा मानले असते, किंवा परतीची वाट आधी चालून पाहिली असती, तरीही कंपनी वाचली असती. कोड चांगला लिहिणारी माणसे तिथे नव्हती असे नाही. दारांवर पहारा नव्हता.

चूक झाल्यावर काय करायचे?

चांगल्या कंपन्यांत अपघातानंतर एक बैठक होते आणि जे घडले ते सगळे लिहून काढले जाते. तिथला पहिला प्रश्न "कोणी केले?" असा नसतो. "असे घडू शकले कसे? फट कोठे होती?" हे विचारतात. याला दोष न देता केलेली चौकशी म्हणता येईल.

गिटलॅब या कंपनीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एक बिघाड दुरुस्त करताना तिथल्या एका इंजिनिअरकडून चुकून खऱ्या ग्राहकांच्या माहितीचा साठाच पुसला गेला. मग बॅकअप, म्हणजे राखीव प्रती, शोधल्या, तर ज्यांवर भरवसा होता त्या व्यवस्था नीट चालतच नव्हत्या. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक प्रत सापडली. तेवढ्या सहा तासांतली माहिती मात्र कायमची गेली.

कंपनीने त्यातले काहीही झाकले नाही. दुरुस्ती चालू असतानाच ती इंटरनेटवर सर्वांना पाहू दिली, आणि नंतर काय चुकले, कोणत्या व्यवस्था बंद होत्या, पुढे काय करणार, याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केले नाही. विचार करा, ज्या कचेरीत चूक सांगणाऱ्यालाच शिक्षा होते तिथे पुढची चूक कोण सांगेल?

जुनी पद्धत, नवी पद्धत

थोडा इतिहासही माहीत असावा. पूर्वी मोठ्या सॉफ्टवेअरचे काम पायऱ्यापायऱ्यांनी होई. आधी सगळे ठरवायचे, मग सगळे लिहायचे, मग सगळे तपासायचे आणि शेवटी एकदाच लोकांना द्यायचे. पाणी वरून खाली पडते तसे, म्हणून या पद्धतीला धबधबा, वॉटरफॉल असे नाव पडले. १९७० मध्ये विन्स्टन रॉयस यांनी या पायऱ्यांचे चित्र एका निबंधात मांडले. पण नुसती अशी सरळ उतरण धोक्याची आहे, हेही त्यांनीच त्यात सांगितले होते. लोकांनी चित्र उचलले आणि इशारा सोडून दिला!

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ अनुभवी मंडळी जमली आणि त्यांनी एक छोटे घोषणापत्र लिहिले. त्यातून अजाइल हा शब्द रूढ झाला. त्याचे सार इतकेच, की काम लहान तुकड्यांत करा, लवकर लोकांपुढे ठेवा, त्यांचे ऐका आणि सुधारत जा. २००९ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या दोन अभियंत्यांनी एका परिषदेत सांगितले की ते दिवसातून दहाहून अधिक वेळा नवीन कोड लोकांपर्यंत नेतात. ऐकणारे चकित झाले. इतक्या वेळा म्हणजे इतका धोका, असे वाटणे साहजिक होते. पण बदल लहान असला तर त्यातला दोष शोधणे सोपे जाते आणि मागे घेणेही सोपे. सहा महिन्यांचे काम एकदम नेले तर दोष कुठे दडला आहे ते शोधता-शोधता नाकी नऊ येतात. वेग आणि काळजी यांचे वैर नाही, मात्र दारे जागच्या जागी हवीत.

आपल्या शाळेत याचे काय?

एवढे सगळे सांगण्याचा आमचा हेतू आता उघड करतो.

आमच्याकडे सहामाहीचे पेपर तपासायला येतात तेव्हा दिसते की मुले चुकीचे उत्तर खोडरबराने इतके घासतात की कागद फाटतो. वहीत चूक दिसू नये हीच धडपड. घरी रागावतील, वर्गात हसतील, गुण जातील. पण वर पाहिलेल्या साऱ्या व्यवस्थेचा पाया नेमका उलट आहे. आपले काम दुसऱ्याला दाखवायचे, त्याची शंका मनाला लावून न घेता ऐकायची, चुकीची नोंद ठेवायची. चूक लपवायला शिकलेले मूल कोणतीही संगणकाची भाषा शिकले, तरी त्याच्या हातचा कोड एक दिवस आठवा सर्व्हर होणार.

म्हणून येत्या सत्रापासून इयत्ता आठवी व नववीच्या संगणक प्रकल्पाची रीत आम्ही बदलत आहोत. चार-चार मुलांचे गट असतील. संगणकाला हात लावण्यापूर्वी एक पान योजना लिहायची, मराठीत किंवा हिंदीत, पण स्वच्छ वाक्यांत. दोघांनी लिहायचे, दोघांनी तपासायचे. पुढच्या खेपेला अदलाबदल. परीक्षांची यादी कोड लिहिण्यापूर्वी करायची. तयार झालेले काम आधी पाचवीच्या मुलांना वापरायला द्यायचे. ती आपली कॅनरी! आणि एका वहीत प्रत्येक बदल व प्रत्येक चूक तारखेसह लिहायची. स्वतःहून नोंदवलेल्या चुकीचे गुण कापले जाणार नाहीत. दुसऱ्याच्या कामातली चूक सभ्य शब्दांत दाखवणाऱ्याला मात्र गुण मिळतील.

पालकांना विनंती, की प्रकल्पाची वही घरी आली तर "किती चुका!" म्हणून रागवू नका. ती सापडलेल्या चुकांची वही आहे. तसेच, बाहेरच्या महागड्या कोडिंग वर्गाचे प्रमाणपत्र आणले म्हणजे झाले, असे समजू नका. मुलाला विचारा, "तुझा कोड कोणी वाचला? त्याने काय विचारले?"

विश्वस्त मंडळींना विनंती, की यासाठी मोठा खर्च नको. आठवड्यातून एकदा संगणकाचे दोन तास लागोपाठ मिळावेत, आणि तालमीसाठी एक जुना संगणक वेगळा ठेवता यावा, एवढेच मागणे आहे.

स्वाध्याय

१. नाइट कॅपिटलच्या घटनेत कोणकोणती दारे उघडी राहिली? प्रत्येकासमोर लिहा की तिथे काय केले असते तर नुकसान टळले असते.

२. रक्कम अक्षरांत दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी दहा परीक्षा तयार करा. आकडे असे निवडा की नियम मोडण्याची शक्यता जास्त असेल. सूचना : १९, ९९, १००, १०१ यांपासून सुरुवात करा. हिंदीसाठी वेगळी यादी करा आणि आजी-आजोबांकडून ती तपासून घ्या.

३. शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी आणि सॉफ्टवेअरची तयारी यांतले कोणते टप्पे सारखे आहेत आणि कोणते वेगळे? नाटक सुरू झाल्यावर रोलबॅक करता येतो का?

४. घरी एखादी गोष्ट बिघडली, दूध उतू गेले किंवा किल्ली हरवली, तर "कोणी केले?" हा प्रश्न न विचारता "असे घडू शकले कसे?" एवढ्यावरच चौकशी करा आणि पाच ओळींत अहवाल लिहा.

५. तुमची उत्तरे वर्गशिक्षकांकडे देण्यापूर्वी शेजारच्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्या. त्याने विचारलेल्या शंका व त्याचे नाव उत्तरांच्या खाली लिहा. ज्या उत्तरपत्रिकेवर असे नाव नसेल ती आम्ही परत पाठवू.